शिवाराचा नकाशा आणि किडीची वाट

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली झाला, आणि तेव्हापासून एखाद्या प्रदेशाची विकासयोजना आखली जाते तेव्हा तिच्या नकाशावर वसाहतींना एक रंग मिळतो, कारखान्यांना दुसरा, रस्त्यांना तिसरा, आणि या सर्वांची वाटणी होऊन जो अफाट भूभाग उरतो त्याला ‘शेती’ या एकाच नावाखाली एकच हिरवा रंग देण्यात येतो. सिन्नर तालुक्यापुरते पाहिले तर या एका रंगाखाली पांढुर्लीकडचे टोमॅटो व द्राक्षांचे मळे येतात, देवनदीच्या वळणबंधाऱ्यांवरून निघालेल्या पाटांनी भिजणारी जुनी पाटस्थळ जमीन येते, वावी-पाथऱ्याकडची पावसाच्या भरवशावरची बाजरीची जिरायत येते, डाळिंबाच्या बागा, शेततळ्यांच्या काठचा उन्हाळी चारा आणि मेंढ्या चरतात तो माळ, हे सारे येते. ज्या योजनेत शेती म्हणजे केवळ वाटणीतून उरलेली जागा असते, त्या योजनेला अमुक एक कीड यंदा कोणत्या शिवारात वाढेल आणि तेथून कोठे जाईल हा प्रश्न पडतच नाही. आणि तो प्रश्न पडला पाहिजे, अशी माझी दृढ समजूत ज्या एका संभाषणामुळे झाली ते येथे देत आहे.

संभाषण ज्या दोघांत झाले ते एकमेकांचे मामा-भाची लागतात, एवढी ओळख पुरे. मामांची सारी नोकरी महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून ते लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि आता वावीच्या पूर्वेस आपल्या वस्तीवर मका, कांदा आणि थोडे डाळिंब करतात. भाची भूगोलाची अभ्यासक. उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून भूमीचा वापर आणि भूमीचे आच्छादन यांचे नकाशे तयार करणे आणि त्यांवरून पिकांवरील किडीच्या संभाव्य धोक्याचे अनुमान बांधणे, हा तिचा व्यासंग. मी मामांचा जुना स्नेही म्हणून तेथे होतो. चैत्राची अखेर होती, आणि ओट्यावर पसरलेल्या नकाशाचे चारही कोपरे तांब्या-भांड्यांनी दाबून ठेवले होते.

पहिला आक्षेप मामांचा. नकाशाच्या पूर्वेकडील एका तपकिरी पट्ट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “या जागेला तू काय नाव दिले आहेस ते वाच.”

“झुडपी पडीक,” भाची म्हणाली.

“माझ्या दप्तरात ते गायरान आहे. दिवाळीनंतर येथे मेंढरांचे वाडे उतरतात, आणि ते वाडे उठले म्हणजे गावाची जनावरे चरतात. ज्या जमिनीवर शेकडो कुटुंबांचा वहिवाटीचा हक्क आहे तिला तुम्ही पडीक म्हणायचे, आणि मग कोणी तरी वरच्या कचेरीत तो नकाशा उघडून म्हणायचे, की पडीकच आहे तर द्या कारखान्याला, द्या सौर प्रकल्पाला. देशातल्या पडीक जमिनींचा ॲटलास सरकारने २००० साली छापला, त्यातसुद्धा अशा माळांची गणना त्याच रकान्यात होती. बाई, नकाशातला शब्द हा हुकूमच असतो; तो लिहिताना हात कचरला पाहिजे.”

भाचीने हे शांतपणे ऐकून घेतले, परंतु मान्य केले ते अर्धेच. ती म्हणाली, “मामा, जमिनीवर काय दिसते आणि जमीन कशाकरिता वापरली जाते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि उपग्रहाला त्यांतली पहिलीच दिसते. मुसळगाव-गुळवंचच्या शिवारात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेतलेली जमीन कागदोपत्री औद्योगिक. पण तिच्यावर वीजप्रकल्प उभा राहिल्यावरही जो पुष्कळसा भाग वर्षानुवर्षे मोकळा राहिला, त्यावर आकाशातून पाहणाऱ्याला गवत आणि झुडपेच दिसतात. तुमच्या गायरानाचेही तेच. मी त्यावर झुडपे आहेत असे म्हणते, तेव्हा ते कोणाचेच नाही असे म्हणत नाही. पण ‘पडीक’ हा शब्द मी काढून टाकीन. तो माझ्या प्रतिमेत नव्हता, वर्गीकरणाच्या छापील यादीतून तो माझ्याकडे आला.”

येथे मला मामांचा पक्ष सबळ वाटला, आणि आजही वाटतो. वर्गीकरणाची यादी दूरच्या संस्थेत ठरते आणि तिचे परिणाम मेंढपाळाला भोगावे लागतात. म्हणून प्रत्येक तालुक्याचा असा नकाशा पक्का होण्यापूर्वी त्यातील नावे त्या त्या गावच्या चावडीवर वाचून दाखविली गेली पाहिजेत, हे मी कोणाच्याही पांडित्यापुढे सोडणार नाही.

परंतु मामांनी जेव्हा आपल्या दप्तराची थोरवी सांगावयास आरंभ केला तेव्हा भाचीने त्यांना अडविले. विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन इंग्रज अंमलदारांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पैमाईश सुरू केली तीत प्रत्येक नंबराची हद्द, मातीची प्रत आणि आकार ठरविण्यासाठी माणसे बांधाबांधाने हिंडली. सातबारा उतारा त्याच परंपरेतला, आणि त्यातला बारा नंबरचा नमुना म्हणजे दरसालची पिकांची नोंदवही, हे मामांचे म्हणणे इतिहासाला धरूनच होते. “पण ती नोंदवही भरायची कशी, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितले आहे,” भाची म्हणाली. “एका तलाठ्याकडे चार-पाच गावे, शिवार हजारो एकरांचे; मग गेल्या वर्षीचेच पीक यंदाच्या रकान्यात उतरायचे. ज्या विहिरी दप्तरी नव्हत्या त्यांच्या पाण्यावर ऊस उभा असायचा आणि उताऱ्यावर बाजरी असायची.”

“असायची,” मामा म्हणाले. “नाकबूल करीत नाही. म्हणूनच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली; आता शेतकरीच आपल्या शेतात उभा राहून भ्रमणध्वनीवरून नोंद करतो, पिकाच्या छायाचित्रासकट.”

“तिचा मला आनंदच आहे, कारण तिच्यावाचून माझा नकाशा आंधळा आहे,” असे म्हणून भाचीने एक गोष्ट दाखविली, जिने मामांचा चेहरा प्रथमच खुलला. युरोपीय अंतराळसंस्थेचे सेंटिनेल-२ हे जुळे उपग्रह, पहिला २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडलेला, दर पाच दिवसांनी त्याच भूमीवरून जातात आणि त्यांच्या प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो. “म्हणजे शंभर चौरस मीटर,” ती म्हणाली. “आणि गुंठा?”

“तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट,” मामांनी हिशोबासाठी क्षणभरही न थांबता सांगितले, “मोजणीच्या एका साखळीचा चौरस. एक हजार एकोणनव्वद चौरस फूट.”

“म्हणजेच एकशे एक चौरस मीटर आणि वर किंचित. तुमची साखळी आणि त्या उपग्रहाचा चौकोन यांत बोटभर लांबीचाच फरक आहे, मामा. तुमच्या एका एकराचे माझ्याकडे चाळीस ठिपके होतात.”

मामा बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. ज्याने आयुष्यभर जमीन गुंठ्यांत आणि आण्यांत मोजली, त्याला आकाशातले यंत्रही योगायोगाने त्याच मापाने मोजते हे समजल्यावर त्या यंत्राविषयीचा परकेपणा निम्मा तरी ओसरतो, हे मी तेथे पाहिले. तथापि त्यांची शंका गेली नव्हती. ती अधिक नेमकी झाली. “एक गुंठा पुरा मक्याचा असेल तर ठीक,” ते म्हणाले. “पण खातेफोड होऊन होऊन आमच्याकडे पट्ट्या राहिल्या आहेत. तुझ्या चौकोनात निम्मा मका, पाव बांध आणि पाव शेजाऱ्याचे सोयाबीन आले म्हणजे तू काय लिहिणार? पीक-कापणी प्रयोगात आम्हांला पहिला धडा हाच दिला जाई, की हद्दीवरची ताटे आत मोजू नका.”

तो धडा ज्यांनी शास्त्रात आणला ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातले. पिकाचा उतारा काढण्यासाठी घेतलेला नमुना-तुकडा फार लहान असला, तर त्याच्या कडेवरची झाडे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्न वास्तवाहून अधिक भासते, हे त्यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांनी दाखविले, आणि या प्रश्नावर महालनोबीसांसारख्या श्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञाशी त्यांचा मतभेद झाला. भाचीने मामांची शंका त्याच कुळातली असल्याचे कबूल केले. मिश्र चौकोन हे तिच्या शास्त्राचेही जुने दुखणे आहे, आणि ‘भुवन’ संकेतस्थळावरील राष्ट्रीय भू-वापर नकाशे ज्या प्रतिमांवरून झाले त्यांचा एकेक चौकोन तर साडेपाच गुंठ्यांचा, हेही तिने सांगून टाकले. अशा नकाशावर जिल्ह्याचे चित्र उमटते. वस्तीचे उमटत नाही.

आतापर्यंतचा वाद हा एका अर्थाने प्रस्तावनाच होता; मुख्य विषय निघाला तो मक्यावरून. अमेरिकन लष्करी अळी ही मूळची अमेरिका खंडातली. २०१६ च्या आरंभी ती पश्चिम आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या परिसरात मक्यावर सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली, आणि २०१९ च्या खरिपात नाशिक जिल्ह्यातील मका तिने पोखरून काढला. त्या वर्षाची आठवण मामांनी सांगितली ती अशी : “पाने आधी कागदासारखी पारदर्शक झाली, नुसता पापुद्रा शिल्लक, मग त्यांना गोल भोके पडू लागली. पोंग्यात पाहिले तर करवतीच्या भुशासारखी विष्ठा भरलेली. फवारा मारावा तर अळी आत खोल, औषध वरच्यावर. आम्हांला तिचे नावही ठाऊक नव्हते.”

“तेव्हा माझा नकाशा असता तर?” भाचीने विचारले.

“तेच विचारतो. केव्हा असता?”

आणि या एका प्रश्नात मामांनी तिला खरोखर पेचात धरले. मका पेरायचा तो जूनमध्ये, पावसाबरोबर. अळीचा पतंग अंडी घालतो तो उगवून आलेल्या कोवळ्या रोपांवर, आणि पिकाचे जे व्हायचे ते पहिल्या पाच-सहा आठवड्यांत होऊन चुकते. त्याच काळात आकाश ढगांनी भरलेले असते, तेव्हा साध्या प्रतिमा निरुपयोगी ठरतात. ढगांतून पाहणाऱ्या रडारच्या प्रतिमा मिळतात, परंतु वीतभर वाढलेला मका आणि वीतभर वाढलेली बाजरी यांतला भेद त्यांतूनही विश्वासाने करता येत नाही. तो भेद स्पष्ट होतो भाद्रपदाच्या आसपास, आणि तोवर मक्याला तुरे येऊन गेलेले असतात. “आणि ई-पीक पाहणीची मुदत?” मामा पुढे म्हणाले. “साधारण ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे तुझा उपग्रह उशिरा आणि माझे खातेही उशिरा. दोघांचे बिनचूक नकाशे हातात येतात तेव्हा अळी जमिनीत कोषात गेलेली असते. मग तुझे हे शास्त्र कोणाच्या कामाचे?”

मला वाटले, वाद येथे संपला. भाचीने मात्र आपल्या पिशवीतून दुसरा कागद काढला.

ती म्हणाली, “खरिपाचा नकाशा उशिरा येतो हे तुमचे म्हणणे मी पूर्ण मानते, म्हणूनच मी खरिपाचा नकाशा करीत नाही. हा पाहा, हा याच महिन्याचा आहे. सारा तालुका करडा, पश्चिमेकडच्या पट्टा किल्ल्याच्या डोंगरापासून तुमच्या वावीपर्यंत. आणि त्या करड्यात ही हिरवी ठिकाणे. आता आकाश निरभ्र आहे, भोवतालची जमीन सुकलेली आहे, तेव्हा एका गुंठ्याचीही हिरवळ लपत नाही. वर्षातल्या कोणत्याही महिन्यापेक्षा उपग्रहाला आता स्वच्छ दिसते. आणि या अळीचा एक गुणधर्म असा, की कित्येक किडी प्रतिकूल काळात सुप्तावस्थेत पडून राहतात तशी ही राहत नाही. तिला बारा महिने खायला लागते. निफाडची थंडी तिची वाढ मंदावते. उष्ण दिवसांत सुमारे महिन्यात पुरी होणारी पिढी हिवाळ्यात दुप्पट-तिप्पट वेळ घेते, पण वंश तुटत नाही. जूनमध्ये तुमच्या कोवळ्या मक्यावर जी येते, ती एप्रिल-मे महिन्यांत कोठे तरी जगलेली असते. कोठे? या हिरव्या ठिकाणांपैकी ज्यांत चाऱ्याचा मका आहे, तेथे. पूर्वी उन्हाळ्यात हा पूर्वपट्टा उघडा पडायचा. शेततळी झाली, कूपनलिका झाल्या, दूध वाढले, आणि उन्हाळ्यातही मका उभा राहू लागला. भूमीचा वापर बदलला आणि किडीला दोन खरिपांमधला पूल मिळाला.”

मामांनी लगेच उत्तर दिले नाही. मग ते म्हणाले, “ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.”

माझ्या मते या विद्येचे खरे मोल येथे आहे, आणि ते ओळखण्यात आपल्या नियोजनकर्त्यांनी फार दिरंगाई केली आहे. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यावर कृषी विभागाने पुढच्या वर्षापासून ‘क्रॉपसॅप’ या नावाने कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. नेमलेल्या शेतांतून ठरावीक दिवशी निरीक्षणे घ्यायची, कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचली की सल्ला द्यायचा, अशी त्याची रीत, आणि ती स्तुत्य आहे. पण ते सर्वेक्षण उभ्या पिकाचे आहे. पीक उभे राहण्यापूर्वी, कीड थोडकी असताना आणि थोड्याच जागी असताना तिच्यावर नजर ठेवायची तर त्या जागा आधी कळल्या पाहिजेत. वाळवंटी टोळांच्या बाबतीत जगाने हेच केले आहे. ते जेथे पैदा होतात त्या प्रदेशांतील ओल आणि हिरवळ उपग्रहांनी पाहून इशारे दिले जातात, आणि तरीही मे २०२० मध्ये टोळांचे थवे अमरावती-नागपुरापर्यंत आले, इतकी ही कामगिरी कठीण आहे.

मामा विचार करून पुन्हा बोलू लागले तेव्हा त्यांचा रोख वेगळा होता. “ही हिरवी ठिकाणे कोणाची आहेत ते तुला ठाऊक आहे का? दोन गाई आणि अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, असे ज्यांचे आहे त्यांची. मोठा बागाईतदार मुरघास विकत घेतो. हा माणूस रोज सकाळी विळ्याने कापून आणतो. त्याच्या तुकड्यावर तू धोक्याचा तांबडा रंग देणार. उद्या एखादा अधिकारी म्हणेल, उन्हाळी मका बंद करा. परवा बँक म्हणेल, हा पट्टा धोक्याचा, कर्ज जपून द्या. विम्याची कंपनी म्हणेल, हप्ता वाढवा. अळी आणली अमेरिकेहून आलेल्या पतंगाने, आणि जप्ती याच्यावर.”

भाचीने या वेळी बचाव केला नाही. तिने विचारले, “मग मी काय करू? धोका दिसत असता दाखवू नको?”

“दाखव. पण नाव दाखवू नकोस, गट नंबर दाखवू नकोस. शिवार दाखव. आणि रंगासोबत काय द्यायचे तेही त्याच कागदावर लिही : या शिवाराला इतके कामगंध सापळे, मित्रकीटकांची इतकी ट्रायकोकार्डे, आणि मका निघाल्यावर कोष उघडे पडतील अशी नांगरट करण्याचा खर्च. ज्या नकाशाबरोबर मदत येते तो गाव जपून ठेवील. नुसता दोष घेऊन येणारा नकाशा तलाठ्याच्या कपाटातून बाहेर येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे त्या कागदावरच्या एका हिरव्या ठिकाणी गेलो. नकाशात ते एकसंध होते, सुमारे पंधरा गुंठ्यांचे; प्रत्यक्षात मध्ये एक पाटाची सरी होती, तिच्या एका अंगाला चाऱ्याचा मका गुडघ्याएवढा आणि दुसऱ्या अंगाला लसूणघास. भाची खाली बसली आणि तिने आपल्या वहीत पहिल्यांदा लसूणघासाची नोंद केली, कारण तो भाग तिने मका धरला होता. मामांनी मक्याचा एक पोंगा उकलला, दुसरा उकलला. तिसऱ्यात ओलसर भुसा होता आणि त्याच्या तळाशी करड्या-तपकिरी रंगाची, इंचभराहून थोडी लांब अळी. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे धरावे तशी पांढुरकी रेघ, आणि शेपटाजवळच्या खंडावर चौकोनात बसविलेले चार काळे ठिपके. शेतमालक बाई गाईंसाठी विळा घेऊन आल्या होत्या. त्यांनी अळी पाहिली आणि म्हणाल्या, “ही तर जानेवारीपासून आहे. कोणी विचारले नाही.”

तेवढ्या तुकड्यावर जे घडले त्यात माझ्या मते दोघांच्याही पद्धतीची नीट मांडणी होऊन गेली : करड्या तालुक्यातून त्या सरीपर्यंत आम्हांला नेले ते उपग्रहाने, लसूणघास कोणता आणि मका कोणता हे सांगितले ते पायांनी, आणि अळी केव्हापासून आहे हे ठाऊक होते ते त्या बाईंना. या तीनपैकी कोणा एकाला वगळून केलेला धोक्याचा नकाशा मी मान्य करणार नाही.

परतताना भाचीने स्वतःहूनच एक उणेपण सांगितले. अळीचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा सिन्नरची सगळी उन्हाळी ठिकाणे सांभाळली तरी संगमनेर, कोपरगाव, येवला येथून पतंग येणारच. तालुक्याचा नकाशा म्हणूनच पुरा नाही. नकाशा प्रदेशाचा हवा.

“प्रदेशाचा म्हणजे कोणाचा?” मामांनी विचारले, आणि मग त्यांनी जे सांगितले ते महसुली माणसालाच सुचावे असे होते. वावीच्या पुढे थोड्याच अंतरावर जिल्ह्याची हद्द लागते. महसूल खात्याच्या हिशोबी हद्दीच्या दोन्ही बाजू एकाच नाशिक विभागात, एकाच विभागीय आयुक्तांखाली. पण कृषी खात्याचे विभाग निराळे : नाशिक जिल्हा नाशिकच्या विभागीय कृषी सहसंचालकांकडे, आणि पलीकडचा अहिल्यानगर पुण्याच्या. म्हणजे एका बांधाच्या अलीकडच्या सापळ्यात किती पतंग पडले याचा कागद नाशिकला जातो, पलीकडचा पुण्याला जातो, आणि ते दोन कागद एका मेजावर येतील अशी नित्याची व्यवस्था नाही. हवामानाचे तसे नाही. ‘महावेध’ प्रकल्पातली दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळागणिक बसविलेली आहेत आणि त्यांचे आकडे साऱ्या राज्याचे एकत्र मिळतात. “तापमान एकत्र आणि कीड विभागून,” मामा म्हणाले. “तुझे गणित करायचे तर दोन्ही एकाच दप्तरात हवे.”

भाची म्हणाली, “ते दप्तर कोणाचे असावे, ते तुम्ही सांगा. मला तेवढेच कळत नाही.”

“जिल्हा नियोजन समित्यांचे. राज्यघटनेने त्या दिल्या आहेत, त्यांच्याकडे पैसा आहे, आणि शेजारच्या समितीशी पत्रव्यवहार करायला त्यांना कोणी मनाई केलेली नाही.”

यावर त्या दोघांचे एकमत झाले असे मी म्हणणार नाही. मामांना अजून वाटते की माणसे पुरेशी नेमली तर उपग्रहावाचून भागेल, आणि भाचीला वाटते की माणसे तितकी कधीच नेमली जाणार नाहीत. माझा कौल या एका बाबतीत भाचीकडे आहे. एका कृषी सहायकाने आपल्या सगळ्या गावांची सगळी शिवारे उन्हात हिंडावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे; मात्र त्याच्या हाती दहा-बारा ठिकाणांचा कागद दिला तर तो आठवड्यात ती पाहून येईल, आणि त्याने आणलेल्या नोंदींनी पुढच्या वर्षीचा नकाशा सुधारेल.

दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्या-जिल्ह्यांत खरीपपूर्व नियोजनाच्या बैठका होतात. त्यांत बियाण्याचा आढावा होतो, खताचा होतो, कर्जवाटपाचा होतो. नाशिक आणि अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांच्या बैठकांत यापुढे उन्हाळी हिरव्या शिवारांचा एक सामाईक नकाशा मांडला जावा. त्यावर मालकांची नावे नसावीत, गायरानाला गायरान म्हटलेले असावे, न पाहिलेल्या जागा कोऱ्या सोडलेल्या असाव्यात, आणि प्रत्येक शिवारापुढे सापळे, ट्रायकोकार्डे व नांगरटीसाठी मंजूर झालेली रक्कम लिहिलेली असावी. ज्या वाचकांचा या बैठकांशी सदस्य, अधिकारी वा शेतकरी प्रतिनिधी म्हणून संबंध येतो, त्यांनी ही मागणी लेखी नोंदवावी, आणि ती एप्रिल उजाडण्यापूर्वी नोंदवावी.